हॉय पोलॉय, बहुजन आणि न बोलणारा सामान्य माणूस

‘द हॉय पोलॉय’ असं कुणी लिहिलं की इंग्रजीचे मास्तर, उपसंपादक आणि हौशी व्याकरणवाले एकदम जागे होतात. ग्रीकमध्ये ‘हॉय’ म्हणजेच ‘द’, आणि ‘पोलॉय’ म्हणजे पुष्कळ. तेव्हा ‘द हॉय पोलॉय’ हे ‘पिवळा पीतांबर’ किंवा ‘गाईचं गोमूत्र’ म्हणण्यासारखं झालं. मुद्दा बरोबर आहे आणि पूर्णपणे निरुपयोगी आहे. कारण १६६८ साली जॉन ड्रायडनने नाट्यकाव्यावरच्या आपल्या निबंधात हा शब्द वापरला तेव्हा तो ग्रीक लिपीत लिहिला, आणि त्याच्या आधी खुशाल ‘द’ लावला. ड्रायडनला ग्रीक येत होतं. त्याला चिंता उपपदाची नव्हती. त्या निबंधातलं पात्र सांगतं ते असं: लोक म्हणजे हा जमाव असेल तर त्यांना काय वाटतं याला किंमत नाही, त्यांचा निवाडा म्हणजे निव्वळ सोडत.

(सोडतीत वाईट काय, हे मला कधी कळलेलं नाही. अथेन्समध्ये बरीचशी सार्वजनिक पदं सोडतीनेच भरली जात. आपल्याकडे सरपंचपदाचं आरक्षणही चिठ्ठ्या टाकूनच ठरतं.)

गंमत अशी की ज्यांना शब्दाच्या शुद्धतेची एवढी काळजी, ते शब्दाच्या कामाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. हा शब्द इंग्रजीत करतो काय? ज्यांना ग्रीक येत नाही त्यांना ग्रीकमध्ये हिणवतो. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला कळू नये अशी ही सोय आहे. केंब्रिजमध्ये ऑनर्स न घेता साधी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना ‘पोल’ म्हणत, ते याच ‘पोलॉय’वरून. म्हणजे आमच्या भाषेत पास क्लासवाले. इंजिनिअरिंगला चार वर्षं काढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. डिस्टिंक्शनवाल्यांना नावं असतात, केटीवाल्यांना फक्त संख्या असते.

पुढे या शब्दावर काळाने सूड उगवला. इंग्रजी बोलणारे कितीतरी लोक ‘हॉय पोलॉय’ हा शब्द ‘बडी मंडळी’ या अर्थाने वापरतात. ‘हॉइटी-टॉइटी’ या दुसऱ्या शब्दाच्या नादाने हा घोळ झाला असावा. शब्दकोशांनीही तो उलटा अर्थ नोंदवून टाकला आहे. ज्यांना खाली ढकलायला हा शब्द आणला त्यांनीच तो उचलून वरच्यांच्या अंगावर टाकला, तेही नकळत.

ग्रीकांकडून आलेला याच जातीचा दुसरा शब्द माझ्या धंद्यात रोज वापरला जातो: इडियट. मूळ ‘इदिओतेस’ म्हणजे मूर्ख नव्हे. सार्वजनिक पद नसलेला, खाजगी, साधा माणूस, तज्ज्ञ नसलेला. त्याचा मूर्ख व्हायला वेळ लागला, पण झाला. आज सॉफ्टवेअरवाले ‘हे इडियट-प्रूफ करा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जो असतो तो अजूनही तोच जुना ‘इदिओतेस’ असतो: कुर्ल्याचा रिक्षावाला, सफाळ्याची भाजीवाली, बँकेचं ॲप पहिल्यांदा उघडणारा निवृत्त मास्तर. त्यांच्यापैकी कुणालाही मीटिंगमध्ये बोलावलेलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. ‘हॉय पोलॉय’चं शब्दशः मराठी भाषांतर करायला बसलात तर फार कष्ट पडणार नाहीत. ‘पोलॉय’ म्हणजे बहु, आणि ग्रीकमध्ये अध्याहृत असलेला ‘जन’ आपण उघड बोलतो. बहुजन. भाषांतर करायचीही गरज नव्हती, शब्द इथेच होता. सारनाथला बुद्धाने पहिल्या साठ भिक्खूंना चालायला लावलं ते ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’. आकाशवाणीने हे ब्रीद उचललं, आपल्या एसटीनेही उचललं. एकच कल्पना, दोन टोकांना दोन शब्द. एक हिणवायला वापरला गेला आणि दुसरा ज्यांच्यासाठी बाहेर पडायचं त्यांच्यासाठी.

महाराष्ट्राने त्यात आणखी एक काम केलं, आणि ते मला बुद्धाच्या वचनाइतकंच मोठं वाटतं. बुद्धवचनात बहुजन हे चतुर्थीत आहेत. त्यांच्या हितासाठी, त्यांच्या सुखासाठी. करणारा दुसरा कुणीतरी. विसाव्या शतकात इथे बहुजन प्रथमेत आले, म्हणजे कर्ता झाले. सत्यशोधकांच्या वर्तुळात हा शब्द रुळला, १९२० साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी ‘बहुजन पक्ष’ काढला. त्याच वर्षी जानेवारीत आंबेडकरांचं ‘मूकनायक’ सुरू झालं. पुढे पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या कांशीराम नावाच्या पंजाबी माणसाने महाराष्ट्रातली ही चळवळ जवळून पाहिली, आणि १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पक्षाच्या नावात हा शब्द जाऊन बसला. ग्रीक शब्दाचं हे कधीच झालं नाही. ‘आम्ही हॉय पोलॉय’ असं म्हणत कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. ‘आम्ही बहुजन’ असं म्हणत मात्र काढलेले आहेत, निवडणुका लढलेल्या आहेत, जिंकलेल्या आहेत.

मग सुशिक्षित मराठी माणसाची जीभ हा शब्द उच्चारताना का अडते?

अडते हे नक्की. शहरी गप्पांत, अग्रलेखांत, कॉर्पोरेट भाषणांत ‘बहुजन’ आला की खोलीतली हवा जरा आखडते. कुणीतरी लगेच म्हणतं, ‘जातीचं कशाला आणायचं? सामान्य माणूस म्हणू या.’ माझं भांडण या ‘म्हणू या’शी आहे. हा सामान्य माणूस कोण, हे आपल्याला चित्रातून माहीत आहे. आर. के. लक्ष्मणने १९५१पासून तो रोज काढला: चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टकलाच्या कडेला उरलेले केस. व्यंगचित्राचं नाव ‘यू सेड इट’, आणि हा गृहस्थ कधी काही बोलतच नाही. पुण्यात त्याचा पुतळा आहे, वरळीला समुद्राकडेला आहे. लक्ष्मण थोर चित्रकार, त्याची रेघ थोर. पण ज्या माणसाला आपण आपलं प्रतीक केलं त्याला जात नाही, धंदा नाही, गाव नाही, आणि मुख्य म्हणजे आवाज नाही, याचं कौतुक करताना जरा थांबायला हवं होतं. ज्या मुलखात ‘मूकनायक’ हे वृत्तपत्राचं नाव झालं, म्हणजे मुक्यांना बोलतं करायचं हा कार्यक्रम झाला, तिथेच तीस वर्षांनी मुकेपणा हाच सामान्य माणसाचा गुण ठरला. या दोन गोष्टी एका वर्गाने एकाच वेळी डोक्यावर घेतल्या नाहीत, हे सांगायला नकोच.

सरकारची शब्दयादी याहून मोठी आहे. मतदार, जनता, लाभार्थी, बाधित, प्रकल्पग्रस्त, आणि गर्दी नकोशी झाली की जमाव. त्यातला सगळ्यात निर्विकार शब्द ‘इतर’. मंडल आयोगाने १९८०च्या अहवालात देशाच्या लोकसंख्येत ज्यांचं प्रमाण ५२ टक्के धरलं त्यांचं सरकारी नाव ‘इतर मागासवर्गीय’. निम्म्याहून जास्त माणसं ‘इतर’. मग मूळ यादीत होतं कोण?

मी एडवणचा. एडवणमध्ये सामान्य माणूस राहत नाही. सफाळ्याला उतरून एसटीत बसलं की शेजारची बाई पहिला प्रश्न विचारते तो ‘कुणाचा रे तू?’ हा. उत्तरात आजोबांचं नाव येतं, मग आळी, मग वाडी कशाची होती, बोट आहे का, असली तर किती सिलिंडरची. हे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. ‘कुणाचा’मध्ये जात दडलेली असते, बऱ्याचदा तीच विचारलेली असते. आणि आमच्या पट्ट्यात पुण्या-मुंबईच्या हिशेबाने जे बहुजन, ते आदिवासी पाड्यावरून बघितले तर बागायतदार आणि मालक असतात. मजूर पाड्यावरून येतो, चहाचा कप वेगळा असतो की नाही हे घरागणिक बदलतं. हे झाकून बहुजन शब्दाची आरती करण्यात अर्थ नाही. पण तो प्रश्न विचारला गेला की समोरच्याला उत्तर देता येतं, खोटं देता येतं, भांडता येतं. ‘सामान्य माणूस’ या पाटीखाली उभं राहिलं की विचारणंच संपतं.

१९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांनी त्यावर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’. नुसता माणूस. त्याला ‘सामान्य’ हे विशेषण लावून बघा, नाव लगेच कसं पडतं ते कळेल.

मराठीत ही गोष्ट व्याकरणानेच पकडली आहे, जी इंग्रजीला नाही जमली आणि ग्रीकलाही नाही. आपल्याकडे ‘वी’साठी दोन सर्वनामं आहेत. ‘आपण’मध्ये समोरचा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये वगळलेला. ‘आपण जेवू’ आणि ‘आम्ही जेवतो’ यातला फरक तीन वर्षांच्या पोराला कळतो, कारण एकात त्याला ताट आहे. आता ‘लोक’ हा शब्द घ्या. ‘लोक काय म्हणतील’, ‘लोकांना अक्कल नाही’, ‘लोकांचं काय जातंय’. रोजच्या मराठीत लोक म्हणजे कायम ते. बोलणारा त्यात नसतो, ऐकणाराही नसतो. म्हणजे ‘हॉय पोलॉय’ हिणवण्यासाठी ग्रीकहून आणायची गरज नव्हती, ‘लोक’ पुरेसा होता. म्हणूनच राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेची सुरुवात मला दर वेळी थोडी धक्कादायक वाटते. तिथे ‘लोक’च्या आधी ‘आम्ही’ येतं. दोन शब्द एरवी एकमेकांना टाळणारे.

‘बहुजन’ची अडचण इथेच आहे. तो ‘आम्ही’ने सुरू होतो. समोरच्याला वगळतो. ‘जातीचं कशाला आणायचं’ म्हणणाऱ्याला खुपतं ते जात नव्हे, जात त्याला विवाहजुळणीच्या साइटवर चालते. त्याला खुपतं ते हे की एका वाक्यात तो पहिल्यांदाच बाहेर उभा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. बहुजन शब्द पुढाऱ्यांनी वापरून चोथा केला, त्याच्या नावावर संस्था, साखर कारखाने, तिकिटं मिळवली, आणि शेवटी तळाच्या माणसाला काही मिळालं नाही. खरं आहे. पण हा आरोप करता येतो याचं कारणच तो शब्द कुणाचा तरी आहे. ‘तू बहुजनांच्या नावावर खाल्लंस’ असं म्हणता येतं, बहुजनांतलाच कुणी उठून म्हणतो. ‘तू सामान्य माणसाच्या नावावर खाल्लंस’ हे म्हणायला कोण उठणार? मालक नसलेल्या मालाची चोरी नोंदवता येत नाही.

आणि आता त्या अर्ध्या प्रश्नाकडे येतो जो शब्दाने सुटत नाही: पुष्कळ म्हणजे किती, आणि कशात? ‘पुष्कळ’ हा अपूर्णांक आहे. अंश सगळे सांगतात, छेद कुणी सांगत नाही. पालघर जिल्ह्यात आदिवासी सुमारे ३७ टक्के, म्हणजे अल्पसंख्य. जव्हार, मोखाडा, तलासरी या तालुक्यांचा छेद घेतला तर दहातले नऊ. महाराष्ट्राचा घेतला तर दहातला एकही नीट भरत नाही. माणसं तीच, जागची हललेलीही नाहीत.

आमच्या किनाऱ्यावर हा छेद बदलण्याचा प्रयोग गेली काही दशकं उघड्यावर चालू आहे. तारापूरच्या अणुभट्ट्यांची पहिली जोडी १९६९ साली सुरू झाली. पुढच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. वीज देशाला, म्हणजे पुष्कळांना. उठली दोनच गावं. मग वाढवण. एडवणहून वर केळवे, माहीम, सातपाटी, तारापूर, चिंचणी ओलांडून डहाणू तालुक्यात हे गाव. तिथल्या बंदराला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ला परवानगी दिली. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, ऑगस्टच्या ३०ला पालघरमध्ये भूमिपूजन झालं. भूमिपूजन म्हणायचं, पण भूमी अजून व्हायची आहे. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकून ती होणार. खर्च ७६,२२० कोटी. रोजगार सुमारे दहा लाख.

हा दहा लाखांचा आकडा नीट बघा. तो अजून अस्तित्वात नसलेल्या माणसांचा आहे, म्हणजे नोकरीला लागतील अशा माणसांचा. त्यांच्यापुढे डोल लावणारे, वावरी टाकणारे, बोंबील वाळवणाऱ्या बायका, डायमेकिंगच्या घरगुती कारखान्यांतले कारागीर, हे सगळे मूठभर. कालपर्यंत ज्यांना ‘सामान्य कोळी बांधव’ म्हणत होते, ते एका भाषणात ‘विकासाला विरोध करणारे काही लोक’ झाले. ‘काही’ हे ‘पोलॉय’च्या विरुद्ध टोक. ग्रीकमध्ये त्यांना ‘ओलिगॉय’ म्हणतात, ज्यावरून ऑलिगार्की हा शब्द आला. हातात वल्हं असलेला माणूस पहिल्यांदाच ऑलिगार्क ठरला असेल.

मी बंदराच्या विरुद्ध आहे का? माझ्या पगाराची बरीचशी कामं कंटेनरनेच जग फिरणाऱ्या कंपन्यांची असतात. मला आयात-निर्यातीचा राग नाही, आणि पालघरमधल्या पोरांना नोकऱ्या नकोत असंही नाही. माझा विरोध हिशेबाच्या या रीतीला आहे. जमीन घेतलीच नाही, भराव तर समुद्रात, मग विस्थापित कोण, असं विचारलं जातं तेव्हा समुद्र रिकामा धरलेला असतो. तो रिकामा नाही. कुठल्या गावाची डोल कुठे, खुंट कुणाचे, हे किनाऱ्यावर पिढ्यांचं ठरलेलं आहे. फक्त त्याचा सातबारा नाही.

वल्ह्यावरून आठवलं. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला एक अथेन्सविरोधी लेखक आहे. नाव माहीत नाही म्हणून अभ्यासक त्याला ‘म्हातारा ऑलिगार्क’ म्हणतात. त्याला लोकशाहीचा तिटकारा आहे. गरीब, अडाणी, हलके लोक सत्तेत, याचा त्याला संताप येतो. तरी तो एक गोष्ट कबूल करतो: अथेन्समध्ये गरिबांना जास्त मिळतं ते न्याय्यच आहे, कारण गलबतं वल्हवतात ते. सुकाणूवाले, तांडेल, नाळेवर उभे राहून पाण्याकडे बघणारे, यांच्यामुळे शहराला ताकद आहे. चिलखतवाल्या खानदानी मंडळींमुळे नाही. ‘हॉय पोलॉय’ अथेन्सच्या सभेत हात वर करू शकले ते कुणी त्यांना सामान्य माणूस म्हणून गोंजारलं म्हणून नव्हे. त्यांच्याशिवाय आरमार हलत नव्हतं म्हणून. (बायका आणि गुलाम त्या सभेत नव्हते, हेही इथेच लिहून ठेवतो. ‘पुष्कळ’चा छेद तिथेही कुणीतरी ठरवलेला होताच.)

वाढवणसाठी १९ जानेवारी २०२४ला पालघरला जनसुनावणी झाली. ज्या २००६च्या केंद्रीय अधिसूचनेखाली अशा सुनावण्या होतात ती मी कामाच्या सवयीने, स्पेसिफिकेशन वाचतात तशी, पूर्ण वाचली आहे. स्थानिक बाधितांचं म्हणणं ऐकायचं, नोंदवायचं, व्हिडिओ करायचा, इतिवृत्त पाठवायचं. मतदान नाही. किती जण विरोधात बोलले यावर काहीही अवलंबून नाही. एक हजार ‘नाही’ आणि दहा ‘हो’ यांची बेरीज-वजाबाकी कुठे होत नाही. दोन्ही फक्त ‘मांडलेल्या चिंता’ या सदरात जातात, आणि प्रत्येक चिंतेपुढे प्रकल्पवाल्यांचं उत्तर लिहिलं जातं. आणखी एक कलम आहे. सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची अट नाही. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला लागते. जनसुनावणीला लागत नाही. मंडपात पाच हजार आले तरी ती होते, आणि कुणीच आलं नाही तरी नियमाने ती झालेली असते.